पंपाच्या पोटातली पायली

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा काढा आणि त्यात जळकोट शोधा पाहू. सापडलं? थांबा, घाई नको! सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, तुळजापूर तालुक्यातही एक जळकोट आहे. ते नव्हे. आमच्या घरच्या एका लग्नाची पत्रिका पत्ता अर्धवट लिहिल्यामुळे आधी त्या जळकोटला जाऊन आली, आणि लग्नाचे लाडू संपल्यावर माझ्या आत्याच्या हातात पडली. आत्या अजून ते ऐकवते. मी म्हणतोय ते जळकोट लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. उदगीरला किल्ला बघायचा, तिथून एसटीत बसायचं आणि उत्तरेकडे निघायचं. जळकोटच्या पुढे गेलात की थोड्याच वेळात नांदेड जिल्ह्याची हद्द लागते.

मराठवाडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सपाट काळी रानं येत असतील. इकडे तसं नाही. हा बालाघाटच्या डोंगररांगांचा भाग. रस्ता वर चढतो, खाली उतरतो, मुरमाड माळ लागतो, मग एकदम काळ्या जमिनीचा तुकडा दिसतो. मी गेलो तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता. मृग तोंडावर आलेला. नांगरून, वखरून तयार केलेली रानं आणि त्यांच्याकडे नि आभाळाकडे आळीपाळीने बघणारी माणसं. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या, खताची पोती आणि ट्रॅक्टर, ट्रॅक्टर, ट्रॅक्टर! अशा दिवसांत शेतकऱ्याला एकेक लिटर डिझेल कसं मोजून वापरावं लागतं, ते तिथे गेल्यावरच कळतं.

तर हा लेख मोजण्याचाच आहे. पण आधी आत्याच्या घरी चला.

मी पोहोचलो तेव्हा आत्या ओसरीवर बसून शेजारच्या काकूंना उसनी ज्वारी मोजून देत होती. समोर पोतं, हातात जुनी पायली. पायली म्हणजे धान्य मोजायचं भांडं. चार शेरांची एक पायली. आपल्या आजीच्या काळात याच्याखाली शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं अशी मापांची सगळी उतरंड होती. तुमच्या आजीला विचारा, ती एका दमात म्हणून दाखवेल. आत्या पायली भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची, काकूंच्या टोपल्यात ओतायची आणि मोठ्याने म्हणायची,

"लाभ... दोन... तीन... चार..."

पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, अशी आपल्याकडची जुनी रीत. मी विचारलं, "आत्या, मनातल्या मनात मोजलं तर नाही का चालत?"

"मनातलं शेजारणीला कसं ऐकू येईल?" आत्या म्हणाली. "तिनं बी मोजायला पायजे की!"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता बघा, आत्या नेमकं काय करत होती? तिने ज्वारीचं वजन केलं नाही. टोपलं केवढं आहे तेही बघितलं नाही. ठरलेल्या आकाराची एक पोकळी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली आणि किती वेळा हे झालं त्याची गिनती ठेवली. बस्स. मोजण्याची ही रीत फार जुनी आणि फार भरवशाची आहे. तुम्हाला आठवत असेल, नाहीतर घरातल्या मोठ्यांना आठवतच असेल, एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. वाघिणी मोजल्या की झालं, सुमारे ५ लाख लिटर! ती वाघीण म्हणजे रुळावरून धावणारी पायलीच.

पण समजा, धान्य किंवा पाणी थांबतच नाही, नळीतून सारखं वाहतच राहिलं, तर? वाहत्या धारेला पायली कशी लावायची?

याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळालं, आणि तेही भांडणातून.

आत्याच्या मुलाला मी दादा म्हणतो. सकाळी दादाबरोबर मी पेट्रोल पंपावर गेलो होतो. तिथे ही गर्दी! पंपाचं एक यंत्र बंद ठेवलं होतं. त्याची खालची पत्र्याची दारं काढलेली, शेजारी कंपनीचा मेकॅनिक पान्हे मांडून बसलेला आणि एक मॅडम हातात वही घेऊन उभ्या. वैधमापन शास्त्र विभागाच्या निरीक्षक होत्या त्या. लोक त्यांना 'वजनमापवाल्या मॅडम' म्हणत होते. दुकानातला तराजू, वजनं, लिटरची मापं आणि पेट्रोल पंप, या सगळ्यांची तपासणी करून त्यांच्यावर मोहोर उठवणारा हा सरकारी विभाग. पंपाची तपासणी वर्षातून एकदा व्हावीच लागते. मी नेमका त्याच दिवशी जाऊन पोहोचलो होतो.

आणि त्याच दिवशी एक शेतकरी मामाही पोहोचले होते, प्लॅस्टिकचा पाच लिटरचा कॅन घेऊन. कॅन त्यांनी मॅडमच्या पुढ्यात ठेवला.

"मॅडम, हे बगा. काल पाच लिटर डिझेल घेतलं. पैसे पाच लिटरचे घेतेत, आन् कॅन भरतच न्हाई! ही तीन बोटं रिकामी हाय. कुटं गेलं डिझेल?"

पंपाचे मालक कसनुसे हसले. "मामा, मशिनीत पाच दाखवलं का न्हाई?"

"मशिन तुमचीच हाय की!"

गर्दीतून हशा उठला. पण मामा हसत नव्हते. त्यांचं रान पेरायचं होतं आणि त्यांच्या हिशोबाने दरवेळी तीन बोटं डिझेल चोरीला जात होतं. मालकही आतून चिडले होते. त्यांना चारचौघांत चोर म्हटलं गेलं होतं. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं आलात. मघाशी दुसऱ्या नळीचं माप घेतलं, आता तुमच्या नळीचं घेऊ. तुम्ही इथेच उभे राहा आणि स्वतः बघा."

मेकॅनिकने दार काढलेलंच होतं. मी वाकून आत बघितलं. मेकॅनिक भला माणूस होता, त्याने सगळं समजावून सांगितलं. ते तुम्हाला सांगतो.

पेट्रोल आणि डिझेल असतं जमिनीखालच्या टाकीत. मोटार ते वर ओढते. आधी ते गाळणीतून जातं, मग हवा वेगळी करणाऱ्या एका डब्यातून. आणि मग येतो मीटर, जुन्या प्रेशर कुकरएवढा एक जड धातूचा गोळा. बऱ्याच पंपांत त्याच्या आत चार नळकांडी असतात, अधिकच्या चिन्हासारखी चार दिशांना तोंड केलेली. प्रत्येकात एक दट्ट्या. पिचकारीत असतो ना, तसा. चारही दट्टे मधल्या एका दांड्याला जोडलेले.

आता गंमत बघा. पिचकारीत आपण दट्ट्या ढकलतो आणि पाणी बाहेर जातं. इथे उलटं आहे. मोटारीने ढकललेलं डिझेल नळकांड्यात घुसतं आणि तेच दट्ट्याला मागे ढकलतं. त्या धक्क्याने मधला दांडा फिरतो. दांडा फिरला की समोरच्या नळकांड्यातला दट्ट्या आत सरकतो आणि तिथलं आधी भरलेलं डिझेल बाहेर नळीत जातं. एक भरतंय, समोरचं रिकामं होतंय, बाकीची दोन अर्ध्या वाटेवर आहेत. मग त्यांची पाळी. असं गोल गोल चालू राहतं आणि बाहेर मात्र सलग धार पडते.

म्हणजे चार पायल्या, आपोआप भरणाऱ्या नि आपोआप रिकाम्या होणाऱ्या!

समजा, एका नळकांड्यात १२५ मिलिलिटर मावतं. मग एका पूर्ण फेऱ्यात चारही मिळून किती? ५०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटर. पाच लिटर द्यायचे तर दांड्याचे किती फेरे? दहा. झालं! नळीतून किती गेलं हे शोधायला धारेकडे बघायचीच गरज नाही. फेरे मोजा. धार जोरात असो की बारीक, एक फेरा म्हणजे अर्धा लिटर. नदीत बसवलेलं चाक पाण्याचा जोर कमी झाला की फिरायचं थांबेल आणि पाणी त्याच्या बाजूने निसटून जाईल. इथे तसं होत नाही. दट्ट्याला ढकलल्याशिवाय डिझेलला पुढे जायला वाटच नाही.

आणि "लाभ, दोन, तीन" कोण म्हणतं? पूर्वीच्या पंपांत तो दांडा दातेरी चाकांनी वरच्या आकड्यांच्या चाकांना जोडलेला असे. तुमच्या आईबाबांना आठवत असेल, काचेमागे आकडे गरगर फिरायचे आणि टकटक आवाज यायचा. आता मीटरच्या डोक्यावर 'पल्सर' नावाची डबी असते. दांडा थोडा फिरला की ती विजेचा एक बारीक ठोका पाठवते. ठोके मोजून संगणक वर आकडे दाखवतो. आत्या मोठ्याने म्हणते, पल्सर विजेने म्हणतो, एवढाच फरक.

ही युक्ती काही पेट्रोलसाठी निघालेली नाही. इंग्लंडमध्ये घराघरांत दिव्यांसाठी गॅस जायला लागला, तेव्हा तो मोजायचा कसा हा प्रश्न आला. सॅम्युएल क्लेग नावाच्या गृहस्थांनी १८१५ साली पाण्यात फिरणाऱ्या ढोलाचा मीटर केला. ढोलाचे कप्पे गॅसने भरत आणि रिकामे होत. तुमच्या शहरात नळाने स्वयंपाकाचा गॅस येत असेल, तर दाराशी बसवलेल्या मीटरच्या पोटात बहुधा आळीपाळीने फुगणाऱ्या आणि मिटणाऱ्या लवचिक पडद्यांच्या पिशव्या असतात. पुन्हा तेच. भरा, रिकामं करा, मोजा.

पायलीच्या खोड्याही तशाच इथे आहेत बरं का! पायलीत ज्वारीबरोबर कोंडा भरला तर गिनती बरोबर पण माल कमी. मीटरलाही द्रव आणि हवा यांतला फरक कळत नाही. नळकांड्यात हवेचे बुडबुडे गेले तर तो ते डिझेल म्हणूनच मोजेल. म्हणून तर आधी हवा काढून टाकणारा तो डबा. आणि वाईट व्यापारी पूर्वी काय करायचे? मापाचा तळ आतून वर ठोकून घ्यायचे. बाहेरून माप तेवढंच, आत मावायचं कमी. मीटरलाही असा 'तळ' असतो. दट्ट्या किती मागे सरकेल ते कमीजास्त करणारं एक छोटं भोकाभोकांचं चाक. ते एक-दोन घरं फिरवलं की फेऱ्याला निघणारं डिझेल थेंबभर वाढतं किंवा घटतं. मीटर जुळवायला हे चाक लागतंच. पण ते कोणालाही फिरवता येऊ नये म्हणून त्यातून तार ओवून शिशाचं सील लावतात आणि त्यावर चिमट्याने सरकारी मोहोर दाबतात.

आता मामांच्या नळीकडे वळू.

मॅडमनी गाडीतून एक भांडं काढलं. खाली शंकूसारखं पसरट, वर निमुळती मान, मानेवर रेघा. हे पाच लिटरचं प्रमाण माप. दादा म्हणाला, "साधी बादली का नाही घेत?" प्रश्न चांगला होता, तुम्हीही विचार करा. समजा, २५ मिलिलिटर, म्हणजे साधारण पाच चमचे डिझेल कमी पडलंय. २८ सेंटिमीटर रुंद बादलीत ते कितीसं दिसेल? त्रिज्या १४, क्षेत्रफळ २२ भागिले ७ गुणिले १४ गुणिले १४, म्हणजे ६१६ चौरस सेंटिमीटर. २५ ला ६१६ ने भागा. अर्धा मिलिमीटरही नाही! डोळ्याला दिसणारच नाही. तेच मान ३.५ सेंटिमीटर रुंदीची असेल तर पातळी अडीच सेंटिमीटरहून जास्त खाली जाईल. चोरी असो की चूक, ती मानेत पकडायची असते, बादलीत नाही.

माप एका सपाट फरशीवर ठेवलं. पहिल्यांदा भरलं आणि मॅडमनी वाचलंच नाही, सरळ ओतून टाकलं. मामा म्हणाले, "हे काय?" मॅडम म्हणाल्या, "कोरड्या भांड्याच्या अंगाला थोडं डिझेल चिकटून राहतं. भांडं आधी ओलं करून, ठरलेला वेळ निथळू द्यायचं. हे माप ओल्या अंगानेच बरोबर असतं." मग दुसऱ्यांदा भरलं, पंपाच्या पूर्ण वेगाने. वर पाढऱ्या फेसाचा थर आला. डिझेलला फेस फार येतो. मॅडम थांबल्या. फेस बसला. मग त्या वाकल्या, डोळे रेघेच्या बरोबर समोर आणले आणि म्हणाल्या, "मामा, या. तुम्ही वाचा."

मामा गुडघ्यावर बसले. सगळी गर्दी वाकली. मालकही.

पातळी मधल्या रेघेच्या जराशी खाली होती. १० मिलिलिटर कमी.

"बगा! कमीच हाय!" मामा ओरडले. मालकांचा चेहरा पडला.

मॅडमनी तीच नळी बारीक धार ठेवून पुन्हा मोजली. तेवढंच आलं. मग त्यांनी सांगितलं की पंपाला अर्ध्या टक्क्यापर्यंतची चूक कायद्याने माफ असते, म्हणजे पाच लिटरला २५ मिलिलिटर, कमी किंवा जास्त. १० त्याच्या आत आहे. मामांना ते पटेना. "माफ म्हंजे? माझं दहा गेलं का न्हाई?"

खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. पण विचार करा. जगातलं कुठलंच यंत्र शंभर टक्के तंतोतंत नसतं. भांडं निथळण्यात, डोळ्याने वाचण्यात, उन्हातान्हात धातू फुगण्यात थोडं इकडेतिकडे होणारच. चुकीला एक कुंपण घालावं लागतं. मात्र कुंपणाच्या आत आहे म्हणून मुद्दाम कमी ठेवायची सवलत त्याने मिळत नाही. मॅडमनी मालकांकडे बघितलं आणि मेकॅनिकला म्हणाल्या, "सील तोडा. शून्यावर आणा." तार तुटली, चाक किंचित फिरलं, पुन्हा भरलं, पुन्हा निथळलं. या खेपेला पातळी बरोबर रेघेवर.

"आता मघाच्या दुसऱ्या नळीचं ऐका," मॅडम म्हणाल्या. तिचं माप किती आलं होतं माहीत आहे? ३५ मिलिलिटर जास्त! म्हणजे प्रत्येक पाच लिटरमागे मालकच बुडत होते, आणि त्यांना पत्ताही नव्हता. मालक कपाळाला हात लावून उभे. गर्दी पुन्हा हसली. या वेळी मामाही.

असं कसं झालं? मेकॅनिकने हातातला झिजलेला चामडी वायसर दाखवला. दट्ट्याला घट्ट बसणारी ही कडी झिजली की डिझेल फटीतून निसटतं. ते नळीतून बाहेर तर येतं, पण दांड्याला न ढकलता, म्हणजे न मोजता. फेरे कमी, माल जास्त. मीटर म्हातारा झाला की बहुतेक वेळा मालकाला बुडवतो, गिऱ्हाइकाला नाही. मला हे ऐकून फार गंमत वाटली. आपण नेहमी उलटंच धरून चालतो.

पण म्हणून मामांचा संशय वेडेपणाचा होता असं समजू नका हं. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले, तेव्हा काही ठिकाणी त्या पल्सरमध्ये आणि त्याच्या पुढच्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांमध्ये फेरफार केलेले सापडले. मीटर खरा, दट्टे खरे, चाकाचं सील शाबूत, पण मोजणारा खोटं बोलणारा. दांड्याचे फेरे साडेनऊ आणि ठोके मात्र दहाचे! आत्याने पायली नऊ वेळा ओतून "दहा" म्हणावं तसं. शेजारीण मोजत नसेल तर तिला कळणार कसं? म्हणून मीटरबरोबर पल्सरलाही सील हवं. आणि म्हणून पाच लिटरचं मोहोर असलेलं माप पंपावर ठेवावंच लागतं. कुठल्याही गिऱ्हाइकाने म्हटलं, "मला मोजून दाखवा," की दाखवावं लागतं. मापातून मोजल्यावर यंत्राच्या पोटात कोण काय खोटं बोलतंय याने काही फरक पडत नाही. मानेवरची रेघ सांगेल ते खरं.

'पहाटे पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं,' असंही तुम्ही ऐकलं असेल. त्यात थोडंसं खरं आहे. पेट्रोल एक अंशाने तापलं की लिटरमागे साधारण एक मिलिलिटर फुगतं आणि पंप विकतो आकारमानावर, वजनावर नव्हे. पण टाकी जमिनीखाली असते आणि जमिनीखाली पहाट काय नि दुपार काय, फारसा फरक पडत नाही. त्यासाठी झोपमोड करू नका.

राहिला मामांचा कॅन. त्याचं काय?

मॅडमनी कॅन रिकामा करायला लावला. मग प्रमाण मापातलं, रेघेवरचं, सगळ्या गावाने डोळ्याने बघितलेलं पाच लिटर डिझेल त्यात ओतलं. शेवटचा थेंब पडला. मामांनी कॅन उचलून उजेडात धरला.

तीन बोटं नाही, पण चांगली अडीच बोटं रिकामी!

मामा बराच वेळ कॅनकडे बघत राहिले. "म्हंजे ह्यो डबाच मोठा हाय," ते हळूच म्हणाले. होय, डबाच मोठा होता. पाच लिटरचा कॅन काठोकाठ पाच लिटरचा कधीच नसतो. वर मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर उन्हात तेल फुगल्यावर झाकण उडेल. मी घरी आल्यावर गोडेतेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून बघितलं. काठापर्यंत ५ लिटर ४०० मिलिलिटर मावलं. तुम्हीही करून बघा. त्यासाठी माप कुठून आणायचं? स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो. बाटलीत तेवढं पाणी तोलून घ्या, पातळीवर रेघ मारा, की तुमचं माप तयार. फक्त रिकाम्या बाटलीचं वजन वजा करायला विसरू नका, मी पहिल्यांदा विसरलो होतो.

मालक मामांना म्हणाले, "चला, चहा घ्या." मामा चहाला थांबले, पण त्यांच्या डोक्यात अजून काहीतरी घोळत होतं. कपातून बशीत चहा ओतता ओतता त्यांनी मॅडमना विचारलं,

"मशिन खोटी असंल तर तुमचं माप सांगंल. पण तुमचं माप खरं हाय कशावरून?"

वा! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मॅडमही हसल्या. त्यांचं मापही ठरलेल्या मुदतीने प्रयोगशाळेत जातं, त्या म्हणाल्या. तिथे ते त्याहून काटेकोर मापाशी ताडून बघतात. ते काटेकोर माप त्याच्याहून वरच्या मापाशी, अहमदाबादसारख्या ठिकाणच्या विभागीय प्रयोगशाळेत. आणि अशा पायऱ्या चढत चढत शेवटी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. भांड्याचं माप तपासायची खरी रीत आपल्या बाटलीसारखीच आहे. त्यात शुद्ध पाणी भरायचं, तोलायचं आणि तापमानाचा हिशोब करून किती मावलं ते काढायचं. म्हणजे लिटर शेवटी किलोवर येऊन टेकतो. दिल्लीला भारताचा किलो जपून ठेवलाय, प्लॅटिनम आणि इरिडियमचा छोटासा दंडगोल, क्रमांक ५७. पॅरिसजवळ ठेवलेल्या मूळ किलोची ती नक्कल. आणि २० मे २०१९ पासून तर तो मूळ किलोही शेवटचा राहिला नाही. आता किलो ठरतो निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या संख्येवरून.

मामांनी बशी खाली ठेवली. "लई लांबून आलंय की माझं डिझेल," म्हणाले, आणि कॅन उचलून रानाकडे निघाले. ट्रॅक्टर वाट बघत होता.

मी घरी येऊन आत्याला सगळी हकिकत सांगितली. माझ्या अंगात मोजण्याचं वारं शिरलंच होतं. १९५६ च्या कायद्याने आपल्याकडे मेट्रिक मापं आली आणि पुढच्या काही वर्षांत शेर-पायल्या बाजारातून गेल्या, पण घरातून थोड्याच जाणार! मी आत्याची पायली घेतली, शेजारच्या काकूंकडून त्यांची मागून आणली आणि माझ्या रेघ मारलेल्या बाटलीने दोन्हींत ज्वारी भरून बघितली. काकूंची पायली आत्याच्या पायलीपेक्षा चांगली पेलाभर मोठी निघाली.

"आत्या, बघ! तुमच्या दोघींच्या पायल्या जुळतच नाहीत! मग इतकी वर्षं उसनंपासनं कसं केलंत?"

आत्या ज्वारी पाखडत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या पायलीनं नेतीय," ती म्हणाली, "आन् माझ्याच पायलीनं आणून देतीय. आता ती काकूची पायली तिला देऊन ये. आन् पोत्यात बाटली नको बुडवू!"